बागेत पक्ष्यांचा फीडर कुठे लावावा? बडोद्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की बडोद्यात घरोघरी पाण्याची कुंडी बाहेर निघतात आणि त्याच सुमारास बर्ड फीडरही विकत आणले जातात. मग प्रश्न सुरू होतात. दांडिया बाजारातली जुनी घरं, आमच्या सोसायटीतले बंगले आणि मांजलपूरकडचे नवे फ्लॅट, सगळीकडच्या मंडळींनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी पंधरा-सोळा वर्षं कारेलीबागेतल्या घरी दाणा-पाणी ठेवते आहे. या काळात चुका झाल्या. त्यातली एक एका होल्याच्या जिवावर बेतली. तीही खाली सांगितली आहे, कारण ती बहुतेक घरांत होऊ शकते.

फीडरसाठी सगळ्यात चांगली जागा कोणती? थोडक्यात सांगा.

जिथे बसून पक्ष्याला निदान तीन बाजूंचं मोकळं दिसतं आणि दचकल्यावर दहा-बारा फुटांवरच्या झुडपात शिरता येतं, ती जागा.

यातल्या दोन्ही गोष्टी लागतात. झुडूप अगदी चिकटून असेल तर मांजराला दबा धरायला आयतीच जागा मिळते. झुडूप फारच लांब असेल, तर चिमण्या-बुलबुल उघड्यावर थांबायला धजत नाहीत. दाणा खाताना पक्षी दर दोन-तीन सेकंदांनी मान वर करतो, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या वर केलेल्या मानेला काय दिसतं, यावर तो तिथे उद्या येणार की नाही ते ठरतं. आपण मात्र जागा ठरवतो झोपाळ्यावरून. झोपाळ्यावर बसून चहा पिताना समोर पक्षी दिसावेत ही इच्छा अगदी समजण्यासारखी आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

मग सुरुवात कशी करायची?

फीडर आणण्याआधी आठवडाभर फक्त बघा. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. पक्षी तुमच्या अंगणात येतात तेव्हा आधी कुठे टेकतात? विजेच्या तारेवर, कंपाउंडच्या भिंतीवर, की आसोपालवाच्या आतल्या फांदीवर? तिथून खाली कुठल्या वाटेने उतरतात? कुत्रा कुठे झोपतो, मोलकरीण कपडे कुठे वाळत घालते, शेजारच्यांची स्कूटर कुठे सुरू होते? हे सगळं एका कागदावर उतरवा.

मग जी जागा मनात येईल तिथे एक स्टूल ठेवून त्यावर ताटलीत मूठभर बाजरी ठेवा. चार दिवसांत चिमण्यांनी ती टिपली, तर खांब तिथे रोवा. आमच्या घरी मी ठरवलेली जागा पारिजातकाजवळची होती. चिमण्यांनी पसंत केली ती मागच्या दाराची, तुळशीवृंदावनापासून थोडी पुढची. खांब तिथेच आहे.

उंची किती ठेवावी?

फीडरचा तळ जमिनीपासून साडेपाच-सहा फूट. मांजर उभ्या उडीत पाच फूट सहज गाठतं, म्हणून त्याहून खाली नको.

या बाबतीत आपल्या भागातल्या चबूतऱ्यांकडे नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. गुजरातेतल्या गावांत आणि जुन्या पोळींत, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांत, चौकाच्या मधोमध एका खांबावर छोटी घुमटी उभी असते. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या, खांब गुळगुळीत, जवळ फांदी नाही. पाऊस दाण्यावर पडत नाही, मांजर चढत नाही, पक्ष्याला सगळीकडचं दिसतं आणि दाणा म्हणजे 'चण' टाकायला माणसाला वाट असते. आज फीडरच्या खोक्यावर ज्या सूचना छापून येतात, त्या सगळ्या त्या घुमटीत आधीच पाळलेल्या आहेत. फक्त चबूतरा गावासाठी असायचा, त्यामुळे त्यावर पारवे ढिगाने येत. घरच्या बागेत तेवढी एक गोष्ट उचलायची नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

उंच फीडरची एकच अडचण असते. हात पोचला नाही की साफसफाई टळते. गॅलरीत कपडे वाळत घालायला पुलीच्या दोऱ्या असतात ना, तशीच एक पुली लावा. दोरी सोडली की फीडर खाली, ओढली की वर. खर्च किरकोळ येतो आणि स्टूलावर चढावं लागत नाही.

दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीसमोर लावला तर चालेल का? आत बसून छान दिसेल.

मीही हेच केलं होतं. खिडकीपासून बारा-पंधरा फुटांवर, आंब्याच्या फांदीला. एका सकाळी धप्पकन आवाज आला. काचेवर पंख पसरलेल्या पक्ष्याचा पांढुरका ठसा उमटला होता, अगदी पिसांच्या रेषांसकट. खाली होला पडला होता. होल्या-पारव्यांच्या पिसांवर बारीक भुकटी असते, तिचा तो ठसा. तो मी लगेच पुसला नाही, पुसवला नाही.

काचेत आकाश आणि झाडं दिसतात. पक्ष्याला ती खरी वाटतात. शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आला किंवा दार आपटलं की फीडरवरचे पक्षी एकदम उडतात आणि त्या खोट्या झाडाकडे झेपावतात. म्हणून अंतराचा नियम असा आहे: फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवा, नाहीतर तीस फुटांपलीकडे न्या. तीन फुटांत पक्ष्याला वेगच पकडता येत नाही, धडकला तरी जीव वाचतो. मधलं अंतर सगळ्यात घातक, आणि माझा फीडर नेमका त्याच अंतरावर होता.

बागच लहान असेल तर काचेला बाहेरच्या बाजूने ठिपके द्या. ठिपक्यांच्या रांगोळीला काढतो तसे ओळीत, दोन-दोन इंचांवर, पूर्ण काचभर. पांढरा पोस्टर कलरही चालतो. ससाण्याचं एकच चित्र चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या शेजारून जायला बघतो. आतून पडदा ओढल्यानेही फारसा फरक पडत नाही, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर असतं.

फीडर खिडकीच्या गजालाच टांगला आहे. काही धोका?

खोलीत पंखा चालतो का, ते आधी सांगा. चिमण्या धीट असतात. दाणे टिपता टिपता खिडकीतून आत येतात आणि छताच्या फिरत्या पंख्याला लागतात. बडोद्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणं शक्य नसतं. तेव्हा खिडकीला जाळी बसवा, नाहीतर फीडर दुसऱ्या भिंतीला न्या.

मांजरांचं काय करू? हाकलून हाकलून थकलो.

हाकलू नका, जागा बदला. खांबाभोवती दहा फुटांत कुंड्यांची रांग, लाकडाचा ढीग किंवा पार्क केलेली गाडी नको. खांब लाकडी असेल तर त्याला अडीच-तीन फूट पत्रा गुंडाळा, नखं रुतत नाहीत. खाली सांडलेला दाणा रोज झाडा, कारण होले आणि सातभाई जमिनीवर टिपायला उतरतात आणि मांजराच्या तावडीत सापडतात ते तेच. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात, उंदरांमागे धामण किंवा नाग. विश्वामित्रीच्या काठच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खारी सगळं संपवतात.

फांदीला, भिंतीला किंवा तारेला टांगलेला फीडर खारीसाठी वाढलेलं ताटच. मोकळ्या खांबावर, जवळच्या फांदीपासून आठ-एक फूट दूर लावा आणि खांबाला मघाचा पत्रा. मी स्वतः खारींसाठी आंब्याच्या बुंध्याशी चार शेंगदाणे वेगळे ठेवते, त्यामुळे त्या फीडरकडे कमी जातात. (रामाच्या बोटांच्या गोष्टीत खारीच्या पाठीवर तीन पट्टे आहेत. आपल्याकडच्या खारीचे मोजून पाहा, पाच भरतील. तीन पट्ट्यांची खार दक्षिणेकडची.)

वानरांची टोळी येत असेल तर मात्र कुठलीच युक्ती चालत नाही. चार-सहा दिवस फीडर काढून आत ठेवा. काही मिळत नाही म्हटल्यावर टोळी पुढे सरकते.

फीडर लावल्यापासून कबुतरंच कबुतरं. शेजारी भांडायला लागले आहेत.

शेजाऱ्यांचं बरोबर आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि ती पुढे कायमचं नुकसान करू शकते. 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून केवढा वाद पेटला, तो आपण सगळ्यांनी वाचला. दाणा टाकणं हे आपल्याकडे पुण्याचं काम मानतात आणि त्यामागची दया खरी आहे. पण एकाच जागी शेकडो पारवे गोळा केल्याने चिमणीचं भलं होत नाही. ती उलट तिथून निघून जाते.

उपाय जागेचाही आहे आणि बनावटीचाही. गच्चीचा कठडा, एसीच्या बाहेरच्या युनिटवरची फळी, सज्जा अशा सपाट जागी दाणा कधीच ठेवू नका. पारव्याला रुंद बैठक लागते. बारीक दांड्यांचा नळीसारखा फीडर घ्या आणि त्याभोवती दीड-पावणेदोन इंची चौकोनांच्या जाळीचा पिंजरा बसवा. चिमणी, मुनिया आरामात आत जातात, पारवा आणि साळुंकी बाहेर राहतात. सकाळी दोन तासांत संपेल एवढाच दाणा घाला. आणि फीडर शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून लावू नका, त्यांचं अंगण आपल्या हौसेपायी घाण व्हायला नको.

कोणत्या दिशेला लावावा? पावसाचं आणि उन्हाचं काय?

आपल्याकडे पावसाळ्यात वारा आणि पाऊस दोन्ही नैर्ऋत्येकडून येतात. उन्हाळ्यात दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन भाजून काढतं. या दोन्हींचं उत्तर एकच: घराच्या पूर्व किंवा ईशान्य बाजूला, जिथे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि अकरानंतर सावली पडते. हिवाळ्यात थंडीने फुगून बसलेल्या बुलबुलांना ते सकाळचं ऊन हवंच असतं.

छप्पर चारी बाजूंनी निदान चार बोटं बाहेर आलेलं असावं. पावसाळ्यात ओला दाणा दोन दिवसांत बुरसटतो, आणि बुरशी लागलेले शेंगदाणे तर विषच. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये दाणा अर्धा करा. त्या दिवसांत किडे, गवताचं बी, फळं यांची रेलचेल असते. पक्ष्यांचं काही अडत नाही.

पाण्याचं कुंडं फीडरच्या शेजारीच ठेवू का?

नको, पाच-सहा फूट तरी लांब. नाहीतर पाण्यात टरफलं आणि विष्ठा पडते.

खरं तर मला एकच गोष्ट ठेवा असं सांगायचं झालं, तर मी पाणी सांगेन. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीसच्या पुढे जातो. पक्ष्यांना घाम येत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकत ते अंग थंड करतात आणि त्यात शरीरातलं पाणी जातं. फीडरकडे कधीच न फिरकणारे तांबट, दयाळ, कोकिळा, शिक्रासुद्धा पाण्यावर येतात. कुंडं मातीचं, पसरट, दोन इंचांहून खोल नको. मधे एक खडबडीत दगड ठेवा, लहान पक्षी त्यावर उतरतो. जागा दाट सावलीची, पण अंघोळ करून भिजलेल्या पक्ष्याला जड पंखांनी उडावं लागतं, म्हणून आजूबाजूचं दोन-चार फूट मोकळं. पाणी रोज बदला आणि कुंडं काथ्याने घासा. नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर डासांची अंडी कडेला चिकटलेली राहतात आणि डेंग्यूला आमंत्रण मिळतं.

उत्तरायणात फीडर चालू ठेवावा का?

हा प्रश्न बडोद्यात विचारलाच पाहिजे. 14 आणि 15 जानेवारीला आकाशात पतंगांच्या दोऱ्यांचं जाळं असतं, आणि पक्षी नेमके सकाळी घरट्याबाहेर पडताना आणि संध्याकाळी परतताना त्यात सापडतात. फीडर गच्चीवर असेल तर संक्रांतीच्या आठवडाभर आधी तो काढून खाली अंगणात, भिंतीच्या आडोशाला आणा. जागा एकदम बदलायची नाही, रोज थोडी थोडी सरकवायची, म्हणून आठवडा हवा. त्या दोन दिवसांत पक्ष्यांना जेवढं कमी उंच उडावं लागेल तेवढं चांगलं.

सण झाल्यावर झाडांत अडकलेला मांजा उतरवा. हे काम कोणी करत नाही आणि होळीपर्यंत पक्षी लटकताना दिसतात. फीडरच्या पंचवीस-तीस फुटांतली झाडं तर नक्की साफ करा. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तो घरात येऊच देऊ नका. मुलांना तिळगूळ देताना हेही सांगा.

जखमी पक्षी सापडला तर त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. गुजरात सरकारची करुणा पशू-रुग्णवाहिका 1962 या क्रमांकावर मिळते. जानेवारीत करुणा अभियानाची उपचार केंद्रंही शहरात ठिकठिकाणी असतात.

दाणा कोणता घालू?

बाजरी, कणी, राळा, थोडी ज्वारी. पोपटांसाठी पेरूची फोड किंवा हिरवी मिरची वेगळी. कच्चे तांदूळ पोटात फुगतात ही भीती खोटी आहे. गाठिया, शेव, फरसाण मात्र अजिबात नको. आपल्याकडे तलावावर जाऊन पक्ष्यांना गाठिया टाकायची सवय पडली आहे, पण एवढं मीठ आणि तेल पक्ष्यांना सोसत नाही. दूध आणि दुधात भिजवलेला पावही नको.

चिमणीच्या पिल्लांना पहिले दिवस दाणा चालत नाही, त्यांना अळ्या-किडे लागतात. म्हणून फीडरच्या आसपासच्या झाडांवर कीटकनाशक फवारू नका.

सूर्यपक्षी आणि शिंपी फीडरवर येत नाहीत. जागा चुकली का?

नाही. ते दाणा खात नाहीत. सूर्यपक्ष्याला फुलांतला मध लागतो. साखरेचं पाणी टांगण्यापेक्षा जास्वंद, अडुळसा, शेवगा लावा. शिंप्याला किडे हवे असतात आणि घरट्यासाठी रुंद पानं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आम्हाला जमेल?

जमेल, लहान प्रमाणात. पूर्वेची गॅलरी निवडा, कोपऱ्यात दोन-तीन दाट कुंड्या ठेवा म्हणजे पक्ष्याला थांबायला पायरी मिळते. फीडरखाली रुंद थाळी बांधा, म्हणजे टरफलं खालच्यांच्या पापडांवर पडणार नाहीत. कबुतरांचा उपद्रव आधीपासूनच असेल तर दाणा न घालता फक्त फुलझाडं ठेवा.

साफसफाई किती वेळा?

दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, कडक उन्हात पूर्ण वाळवा. हे बाहेरच्या नळावर करा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नको. गर्दीच्या फीडरवर एका आजारी पक्ष्याकडून दुसऱ्याला रोग लागतो. इंग्लंडमध्ये 2005 नंतर ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांची संख्या अशाच एका घशाच्या रोगाने फार घटली. पिसं फुलवून, डोळे मिटून, माणूस जवळ आला तरी न उडणारा पक्षी दिसला, तर फीडर दोन आठवडे उतरवा. 2021 च्या जानेवारीत गुजरातेत बर्ड फ्लू आला होता, तसं काही ऐकू आलं तरीही हेच करा आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका.

शिक्रा येऊन चिमण्या उचलतो. त्याला दगड मारू का?

मुळीच नाही. त्यालाही पिल्लं आहेत. फीडर आठवडाभर रिकामा ठेवा, चिमण्या पांगतील, तो दुसरीकडे जाईल. वारंवार येत असेल तर फीडर काटेरी बोगनवेलीच्या थोडा जवळ सरकवा. भारद्वाजाचं दर्शन आपण शुभ मानतो, पण घरट्यातली अंडी-पिल्लं तोही खातो.

चिमण्यांचं लाकडी घरटं फीडरजवळच लावलं तर त्यांची सोय होईल ना?

उलट होईल. फीडरवर दिवसभर वर्दळ असते, विणीच्या जोडीला ती नको असते. घरटं दुसऱ्या भिंतीला, आठ-दहा फूट उंच, पश्चिमेचं ऊन टाळून. भोक साधारण सव्वा इंचाचं, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही.

तीन आठवडे झाले, एकही पक्षी आला नाही.

नवी वस्तू दिसली की पक्षी आधी लांबून बघतात, कधी कधी महिनाही लागतो. फीडर चकचकीत लाल-पिवळ्या प्लॅस्टिकचा असेल तर त्याला थोडं ऊन-पाऊस लागू द्या. वाऱ्याने फार हेलकावत असेल तर तळाला एक दगड बांधा, डोलणाऱ्या फीडरवर चिमणी बसत नाही. दाणा जुना झाला असेल, तर तो बदला. जमिनीवर थोडी बाजरी टाका, आधी होला उतरेल. होला निर्धास्त टिपताना दिसला की चिमण्या यायला फार दिवस लागत नाहीत. एवढं करूनही काही झालं नाही तर फीडर रोज फूट-दीड फूट झाडाच्या दिशेने सरकवत जा आणि कुठे पहिला पक्षी बसतो तिथे थांबा. आमच्या ओळखीतल्या एका आजींकडे असा फीडर सरकत सरकत शेवटी न्हाणीघराच्या मागे, शेवग्याखाली गेला. घरातून तो दिसतच नाही. आजी आता सकाळचा चहा तिकडे, मोरीजवळच्या पायरीवर बसून घेतात.